तलवारीतला ढग : नायगमवालांची दुर्बीण आणि भोर-वेल्ह्याची रात्र

उर्दू शिकवणाऱ्याला एका शब्दाशी दरवर्षी झुंजावे लागते. तो शब्द म्हणजे 'सहाबिया'. सीनने लिहिला तर त्याचा अर्थ मेघासारखे, ढगासारखे काहीतरी. विज्ञानाच्या उर्दू पुस्तकात ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या ढगाला हाच शब्द आहे. सादने लिहिला तर त्याचा अर्थ पैगंबरांच्या सहवासातली स्त्री. उच्चार दोन्हींचा आपल्या तोंडी एकच. त्यामुळे फळ्यावर लिहून दाखवल्याशिवाय मुलांचा गोंधळ मिटत नाही. मराठीत हा प्रश्नच नाही. 'तेजोमेघ' म्हटले की काम झाले. शब्द सुंदर आहे, आणि अर्थ न सांगताही कळतो.

सीनने लिहिला जाणारा हा शब्द जुना आहे. अब्दुर्रहमान अल-सूफी हा रय शहरचा खगोलज्ञ, जन्म ९०३, मृत्यू ९८६. बुवैही अमीर अदुदुद्दौला याच्या आश्रयाने त्याने इस्फहानला आकाशाचे वेध घेतले आणि इ. स. ९६४ च्या सुमारास 'सुवरुल कवाकिब' म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आकृत्यांचा ग्रंथ पूर्ण केला. देवयानी तारकासमूहात त्याने एक 'लतखा सहाबिया' नोंदवला. लतखा म्हणजे डाग, माखल्यासारखा ठिपका. ढगाळ डाग! आज आपण त्याला देवयानी दीर्घिका म्हणतो. दुर्बीण जन्मायला तेव्हा साडेसहाशे वर्षे बाकी होती. त्या ग्रंथाची आणखी एक गंमत अशी की प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रे आहेत : एक जमिनीवरून दिसते तसे आणि दुसरे खगोलाच्या गोलावर उलटे उमटते तसे. दुर्बिणीतून फोटो काढणाऱ्या आजच्या हौशी माणसालाही चित्र उलटे की सुलटे या प्रश्नाने तसेच छळले आहे.

आपल्याकडे अशा नोंदी वाचल्या की लगेच 'सगळे आधीच आपल्या लोकांना ठाऊक होते' असे म्हणण्याची घाई होते. ती मला आवडत नाही. कारण आकाशातल्या सर्वात ठळक तेजोमेघांपैकी एक, मृग नक्षत्रातला, अल-सूफीने नोंदवलेलाच नाही. टॉलेमीनेही नाही, आणि आपल्या सिद्धांतकारांनीही नाही. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली तीन अंधुक तारे लोंबतात, त्यातला मधला जरासा धुरकट दिसतो, तोच हा. अरबांनी त्या जागेला 'सैफुल जब्बार', राक्षसाची तलवार, असे नाव दिले होते. पुढे युरोपातल्या नकाशांत ते नाव घसरत घसरत मृगाच्या पायाच्या ताऱ्यावर गेले. तो तारा आजही 'सैफ' म्हणून ओळखला जातो आणि खरी तलवार बिनावाची राहिली. या तलवारीतला ढग पहिल्यांदा नोंदवला तो फ्रान्सच्या पेरेस्क याने, १६१० मध्ये, दुर्बिणीतून. हजारो वर्षे माणसे त्या ताऱ्याकडे पाहत होती, पण ढग म्हणून कुणी लिहून ठेवला नाही. चांगल्या डोळ्यांना तो दिसत असणारच. पण दिसणे वेगळे आणि लिहून ठेवणे वेगळे, आणि इतिहासाला फक्त दुसरे मोजता येते.

दख्खनमध्ये वेधशाळेचा विचार फार जुना आहे हे मात्र सांगितले पाहिजे. फिरोजशाह बहमनी (१३९७ ते १४२२) याने १४०७ मध्ये दौलताबादजवळच्या घाटात वेधशाळा बांधायला घेतली. काम हकीम हसन गीलानी यांच्याकडे होते. हकीमसाहेब वारले आणि काम थांबले, ते कायमचेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पाचशे वर्षांनी पुण्यात हेच पुन्हा घडले.

त्याआधी थोडे युरोप-अमेरिकेत जाऊन येऊ. १८६४ च्या ऑगस्टमध्ये लंडनमधला हौशी निरीक्षक विल्यम हगिन्स याने कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्याच्या प्रकाशाचा सलग रंगपट्टा पसरतो, तसा तो पसरला नाही. काळ्या पडद्यावर मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे हा दूरच्या ताऱ्यांचा पुंजका नव्हे, हा चमकणारा वायू आहे. त्यातली सर्वात ठळक रेषा हिरवट होती आणि पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात पदार्थाशी तिचा मेळ बसेना. काहींनी 'नेब्युलियम' नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले. नॉर्मन लॉकियर यांचे म्हणणे वेगळे होते. विश्वातल्या बहुतेक गोष्टी उल्कांच्या थव्यांपासून झाल्या असे त्यांचे मत होते. तापलेल्या मॅग्नेशियमच्या वर्णपटात एक पट्टा असतो, त्याचाच उरलेला काठ म्हणजे ही रेषा, असे ते सांगत. तसे असेल तर ती एका बाजूने पुसट, पसरट दिसायला हवी. म्हणजे भांडण एका रेषेच्या कडेवर येऊन ठेपले होते.

याच काळात फोटोही आले. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर याने मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. ११ इंची दुर्बीण, ५१ मिनिटांचा प्रकाशवेळ. १८८३ मध्ये इंग्लंडच्या अँड्र्यू कॉमन याने ३६ इंची आरशाने असा फोटो काढला की डोळ्याला न दिसणारे तारेही त्यात उमटले. ड्रेपर हा पेशाने वैद्यकाचा प्राध्यापक, कॉमन सांडपाण्याच्या कामांचा अभियंता. दोघांनाही आकाशाचा पगार मिळत नव्हता. या विद्येचा पाया हौशी लोकांनी घातला आहे.

आता पुणे. कावसजी दादाभाई नायगमवाला हे १८५७ साली जन्मलेले पारशी गृहस्थ, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे एम. ए., कुलपतींच्या सुवर्णपदकाचे मानकरी. पुढे तिथेच भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी कॉलेज पाहायला आले आणि त्यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. या पैशातून आकाशातल्या प्रकाशाचा वर्णपट तपासणारी प्रयोगशाळा उभारायची ठरले. नायगमवाला उपकरणांच्या खरेदीसाठी १८८४ मध्ये विलायतेला गेले. मुंबईच्या दमट हवेपेक्षा पुण्याची हवा बरी, म्हणून सगळे पुण्याला हलवले आणि तेही पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, दाखल झाले. १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथली डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली २० इंची परावर्तक दुर्बीण पुढे कित्येक दशके देशातली सर्वात मोठी दुर्बीण होती.

जरा डोळ्यासमोर आणा. काचेच्या आरशावर चांदीचा मुलामा. चांदी हवेने काळवंडते, पावसाळ्यात तर लवकरच. मग ती काढून पुन्हा चढवायची. पृथ्वी फिरते म्हणून दुर्बीण उलट फिरवायची, त्यासाठी वजनावर चालणारे घड्याळ. दुर्बिणीच्या शेवटी वर्णपटदर्शक, त्याच्या फटीवर तो ढग नेमका धरून ठेवायचा, आणि अंधारात डोळा लावून बसायचे. नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाची ती भांडणातली हिरवट रेषा अशी तपासली आणि १८९१ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात आपले निष्कर्ष छापले. रेषा बारीक आणि रेखीव आहे, पट्ट्याच्या काठासारखी पसरट नाही. लॉकियर यांच्या मताला हे मारक होते. अमेरिकेत कीलर यांच्या मोजणीतूनही मॅग्नेशियमचा दावा कोसळत होता. पुण्यातला एक हिंदी प्राध्यापक विलायतेतल्या नामांकित शास्त्रज्ञाच्या सिद्धांताविरुद्ध साक्ष देतो आणि ती साक्ष लंडनमध्ये छापली जाते, हे १८९१ साल आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे का नाही, हे मला कळत नाही.

ती रेषा नव्या मूलद्रव्याची नव्हती हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला प्राणवायू, इतका विरळ की पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तशी पोकळीही करता येत नव्हती, अशा स्थितीत ही रेषा देतो. तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. हा आकडा पुढे पुन्हा येणार आहे.

लॉकियर यांच्याबद्दल एक गोष्ट जाता जाता. कोकणात विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि लॉकियर यांनी १८६८ मध्ये तिथून हेलियम शोधला असे सांगतात. दरवर्षी कार्यक्रमही होतो. लॉकियर १८६८ मध्ये इंग्लंडातच होते. सूर्यातली ती पिवळी रेषा त्यांनी तिथूनच पाहिली. विजयदुर्गाला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. त्याच ग्रहणासाठी नायगमवाला आपली तुकडी घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरलाच होते. जेऊरला मात्र कट्टा नाही, कार्यक्रम नाही.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करण्यात आली. दौलताबादच्या हकीम हसन गीलानींचीच गोष्ट. माणूस गेला, काम गेले. फरक इतकाच की नायगमवाला जिवंत होते. ते १९३८ पर्यंत जगले. उपकरणे कोडाईकनालला गेली आणि मोठी दुर्बीण तिथे दीर्घकाळ पडून राहिली. १९५१ पासून ती वापरात आली. लोक तिला 'भावनगर दुर्बीण' म्हणतात, पुण्याचे नाव तिच्यात नाही. १९८० च्या दशकात लडाखमध्ये नव्या वेधशाळेसाठी जागा शोधायची होती, तेव्हा या म्हाताऱ्या दुर्बिणीला लेहला नेऊन तिच्याकडून तिथल्या आकाशाची परीक्षा घेतली. आज हानलेला भारताची वेधशाळा आहे, तिच्या पूर्वतयारीत पुण्याच्या या दुर्बिणीचाही वाटा आहे.

शेजारी हैदराबाद संस्थानात नशीब जरा बरे निघाले. नवाब जफर जंग या सरदाराने हौसेने १९०१ मध्ये स्वतःची वेधशाळा काढली, १५ इंची दुर्बीण मागवली. १९०७ मध्ये ते वारले. पण निजाम सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली आणि चालवली. जगभरच्या वेधशाळांनी मिळून आकाशाचा छायाचित्र-नकाशा करायला घेतला होता, त्यातले काही पट्टे या निजामिया वेधशाळेच्या वाट्याला आले आणि तिने ते काचेच्या पट्ट्यांवर टिपून पूर्ण केले. तेव्हा मराठवाडा याच संस्थानात होता. दौलताबादला जे राहिले ते हैदराबादला झाले, असे म्हणायला हरकत नाही. कारण साधे आहे : मागे खाते होते, पगार होता, वारस नेमला गेला.

पुण्यात मोठी दुर्बीण राहिली नाही, पण हौस राहिली. २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली ही सर्वात जुनी संस्था. टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवरून तिने पिढ्यान्‌पिढ्या लोकांना शनीची कडी दाखवली. आयुका पुण्यात आल्यावर आरसा घासून दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होऊ लागल्या, शाळामास्तरांनी आणि कॉलेजच्या पोरांनी हाताने आरसे घासले. रोलच्या कॅमेऱ्याच्या काळात तेजोमेघाचा फोटो म्हणजे तासभर नळीला डोळा लावून एक तारा तारेच्या फुलीवर धरून ठेवणे. फिल्मचा स्वभाव असा की अंधुक प्रकाशात ती लवकर थकते. वेळ दुप्पट केला म्हणून उजेड दुप्पट उमटत नाही. शिवाय चित्र कसे आले हे चार दिवसांनी, रोल धुऊन आल्यावर कळणार. ज्यांनी ते केले त्यांना माझा सलाम.

अंधार हवा म्हणून ही मंडळी शहराबाहेर पडली, आणि त्यातली बरीच भोर आणि वेल्ह्याकडे वळली. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, बोलताना लोक अजून वेल्हेच म्हणतात, मीही तेच लिहितो.) भोर पुण्याच्या सरळ दक्षिणेला. त्यामुळे पुण्याचा उजेड उत्तरेला राहतो आणि दक्षिणेचे आकाश मोकळे मिळते. तेजोमेघांचा खजिना दक्षिणेलाच आहे. भोरहून मृगातला तेजोमेघ डोक्याजवळ, सहासष्ट अंशांवर चढतो. धनू राशीतला लगून तेजोमेघ सत्तेचाळीस अंशांवर. लंडनच्या माणसाला जो कधीच दिसत नाही, तो कॅरिना तेजोमेघही भोरच्या दक्षिण डोंगरांच्या वर बारा अंश चढतो. वेल्ह्याला पुणे ईशान्येला पडते, तोरणा गावाच्या डोक्यावर, राजगड आग्नेयेला. पश्चिमेला केळद, मढे घाट, आणि पुढे थेट कोकणाचा कडा.

पण दक्षिणेचा हा फायदा उत्तरेत वळता होतो. दुर्बीण किंवा कॅमेरा पृथ्वीच्या उलट फिरवायचा तर त्या यंत्राचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून फक्त अठरा अंशांवर. म्हणजे नेमका पुण्याच्या उजेडाच्या, धुराच्या थरात, किंवा एखाद्या डोंगराच्या मागे. युरोपातल्या माणसाला ध्रुव पन्नास अंशांवर लख्ख मिळतो, म्हणून यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत 'ध्रुवतारा पाहा' एवढेच लिहिलेले असते. इथे ध्रुव दिसेल अशी जागा आधी शोधायची आणि मगच तिपाई रोवायची.

यंत्र नायगमवालांचेच आहे, फक्त घड्याळाचे वजन गेले आणि छोटी मोटार आली. तेवीस तास, छप्पन्न मिनिटे, चार सेकंदांत एक फेरा. तिच्यावर साधा डीएसएलआर आणि मोठी लेन्स बसवली तरी काम सुरू होते. मात्र कॅमेऱ्यातच एक अडचण आहे. तेजोमेघातला हायड्रोजन गडद लाल रंगात, ६५६.३ नॅनोमीटरवर चमकतो. माणसांचे चेहरे नैसर्गिक दिसावेत म्हणून कंपनीने सेन्सरपुढे बसवलेली काच नेमका हा लाल बराचसा अडवते. म्हणून हौशी लोक कॅमेरा उघडून ती काच काढून घेतात. तो कॅमेरा पुन्हा लग्नात वापरू नये, सगळे वऱ्हाडी लालबुंद येतात.

एक लांब फोटो घेण्याऐवजी आता एक-दोन मिनिटांचे शंभरेक फोटो घेतात आणि संगणकावर एकमेकांवर रचतात. खडखड वर्गमूळाच्या हिशेबाने कमी होते : चित्र दुप्पट स्वच्छ हवे तर फोटो चौपट. वरून झाकण लावून 'काळे' फोटो वेगळे घ्यायचे, सेन्सरच्या उष्णतेचे ठिपके वजा करण्यासाठी. सहा-सात अंश तापमान वाढले की हे ठिपके दुप्पट होतात. भोरच्या एप्रिलमधल्या रात्री कॅमेरा तापलेला असतो. सेन्सर शून्याखाली थंड करणारे कॅमेरे मिळतात, पण त्यांची किंमत मास्तरच्या पगारात बसवताना घरात चर्चा होते.

मात्र यंत्रापेक्षा मोठा खर्च हवेचा आहे. मृग निघाला की पेरणी, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. सूर्य जूनच्या सात-आठ तारखेला मृगात जातो, म्हणजे त्या वेळी मृगाचे तारे सूर्याच्या उजेडात लपलेले असतात. ते दिसतात हिवाळ्यात. आणि आपला खरा घाटा पुढे आहे : धनू-वृश्चिकेचा भाग, आकाशगंगेचे पोट, तेजोमेघांची सर्वात दाट वस्ती, मध्यरात्री डोक्यावर येते ती नेमकी जून-जुलैत. तेव्हा वेल्ह्याच्या डोंगरावर ढगांचे छत बसलेले असते, चार महिने. जगभरचे लोक ज्या दिवसांत धनू राशीचे फोटो काढतात त्या दिवसांत आपण कपाटात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या बदलत बसतो. धनू हवी तर फेब्रुवारीपासून पहाटे तीनला उठायचे.

त्यातही अडथळे. फेब्रुवारी ते मे मावळात राब भाजतात. भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून जाळतात. डोंगरावर वणवेही लागतात. धूर खाली बसतो आणि क्षितिजाकडचे तारे तांबूस होतात. राब भाजणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचे पोट त्यावर आहे. ऑक्टोबरात पावसाने धुतलेली हवा सुंदर, पण दव इतके की तासाभरात लेन्स ओली होते. भाटघर धरणाच्या कडेला तर हिवाळ्यात पहाटे धुके पाण्यावरून उठून तिपाईच्या पायाशी येते. घाटमाथ्याकडे गेलो तर कोकणातून ढग वर चढतो. दव अडवायला लेन्सभोवती गरम पट्टी गुंडाळतात. ती विकत घेण्याऐवजी योगा मॅटचा तुकडा कापून नळी केली आणि पॉवर बँकेवर चालणारी तार आत लावली तरी चालते. बारा व्होल्टची बॅटरी मोटारसायकलची. डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या रात्री सर्वात भरवशाच्या, पण त्यातही मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास चंद्र मृगाच्या शेजारीच उभा असतो. हौशी लोक अमावास्या धरून बसतात. आपल्या घरात हा हिशेब सोपा आहे : हिजरी महिन्याच्या शेवटच्या चार रात्री मोकळ्या ठेवायच्या.

वेल्ह्याच्या बाजूला एका मोकळ्या खाचरात आम्ही दोघे मास्तर आणि दहावीतली तीन मुले अशीच बसलो होतो. शेताचे मालक तात्या घोंगडी पांघरून आले.

"गुरुजी, काय लावलंय हे?"

"ढगाचा फोटो काढतोय, तात्या."

त्यांनी वर पाहिले. बराच वेळ पाहिले. "ढग तर एकबी न्हाई."

मुले हसली. मग एकाने त्यांना बाणाखालचा धुरकट तारा दाखवला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुकताच आलेला फोटो. तो गुलाबी पंख पाहून तात्या म्हणाले, "ह्यो रोज हितंच असतो व्हय?" मुलाने सांगितले की हा उजेड तिथून निघून साडेतेराशे वर्षे झाली. माझ्या मनात आले, हिजरीचे पहिले शतक. तात्यांनी घरून चहा पाठवला.

सगळीकडे चहा येत नाही, हेही लिहिले पाहिजे. रात्री अनोळखी माणसे, काळी नळी, लाल दिव्याची बॅटरी. गावात चोरांची, ड्रोनची, बिबट्याची धास्ती असते. नाव विचारले जाते. आमचे नाव सांगितल्यावर कधी कधी जी शांतता पडते ती आम्हाला ओळखू येते. म्हणून आम्ही दिवसा जाऊन पोलीस पाटलांना भेटतो, शाळेचे ओळखपत्र दाखवतो, आणि रात्री दोन-चार गावकऱ्यांना तारे पाहायला बोलावतो. एकदा शनी पाहिलेला माणूस पुन्हा नाव विचारत नाही.

आता अंधार. महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी, खेड शिवापूरपासून शिरवळपर्यंत, गोदामे आणि कारखाने झाले. शिरवळ भोरच्या पूर्वेला, म्हणजे प्रत्येक नक्षत्र ज्या दिशेने उगवते तिथेच पांढरा उजेड. पानशेत आणि गुंजवणीच्या पाण्याकडेला फार्महाऊसे, त्यांच्या कुंपणावर रात्रभर दिवे. आणि गावोगाव चौकात हायमास्ट. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे मोजक्याच रंगांत प्रकाश देत, तो भाग फिल्टरने गाळता येई. पांढरा एलईडी सगळ्या रंगांत पसरतो, त्याला गाळणे कठीण.

इथे नायगमवालांची रेषा कामी येते. तेजोमेघ सगळ्या रंगांत चमकत नाही, मोजक्या रेषांत चमकतो. मग फक्त ५००.७ आणि ६५६.३ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश आत सोडणारी काच कॅमेऱ्यापुढे लावली तर शहराचा बहुतेक उजेड बाहेर राहतो आणि ढग उमटतो. आज पुण्यातल्या गच्चीवरूनही मृगाचा तेजोमेघ टिपणारी मुले आहेत ती या काचेच्या जोरावर. १८९१ मध्ये ज्या रेषेच्या कडेवरून वाद झाला, ती आज फिल्टरच्या डबीवर छापलेली असते. पण या काचेचा उपयोग चमकणाऱ्या वायूपुरताच. कृत्तिकांभोवतीची निळसर धूळ ताऱ्यांचा प्रकाश नुसता परावर्तित करते. तिला कुठलीच रेषा नाही, म्हणून कुठलीच काच वाचवू शकत नाही. तिला अंधारच लागतो. देवयानीतला अल-सूफीचा 'लतखा' नुसत्या डोळ्यांनी पाहायचा तर त्यालाही अंधारच लागतो.

हानलेच्या परिसराला २०२२ मध्ये अंधाराचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातले हे पहिले ठिकाण. तिथे रस्त्यावरचे दिवे बदलून प्रकाश खाली वळवला. भोर-वेल्ह्याला असा दर्जा मिळणे कठीण, शहर फार जवळ आहे. दिव्याला टोपी घालायला मात्र दर्जा लागत नाही. तात्यांच्या वस्तीवरच्या खांबाचा दिवा आकाशात फेकत होता. मुलांनी तेलाचा पत्र्याचा डबा कापून त्याला टोपी केली, वायरमनने ती बसवून दिली. आता तिथला उजेड फक्त वाटेवर पडतो आणि तात्या म्हणतात, पूर्वीपेक्षा पायाखालचे जास्त दिसते. चौकातल्या हायमास्टसाठी ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. उत्तर आलेले नाही.